स्पीकरपासून उलटं: घरच्या रेडिओचा ऑडिओ बोर्ड

नमस्कार. बोलण्याआधी एक आवाज ऐकवतो. टेबलावर हा ८ ओहमचा छोटा स्पीकर आहे, जुन्या ट्रान्झिस्टरमधून काढलेला. त्याला जोडलेला बोर्ड आगपेटीपेक्षा थोडाच मोठा आहे. आता स्क्रूड्रायव्हरच्या लोखंडी दांडीला बोट लावून त्याचं टोक बोर्डाच्या इनपुटला टेकवतो... घुंऽऽऽ. मागच्या रांगेत पोचलं ना? या खोलीच्या भिंतींमधून ५० हर्ट्झची वीज फिरते आहे. माझं शरीर तिची चाहूल टिपतंय आणि बोर्ड ती मोठी करून ऐकवतोय. बोर्ड बॅटरीवर चाललाय म्हणून मी हे करतोय. घरच्या विजेवर चालणाऱ्या उघड्या वस्तूला असं बोट कधीही लावू नका.

हा घुंकार ऐकू आला की मला खात्री पटते की रेडिओचा शेवटचा भाग जिवंत आहे. आणि आज मी तुम्हाला तेच सांगायला आलोय की बांधणी या शेवटापासून सुरू करा. नवा हॅम, म्हणजे हौशी रेडिओवाला, उत्साहाने आधी अँटेनाकडचं काम हातात घेतो. कॉइल गुंडाळतो, ऑसिलेटर जुळवतो, आणि ऑडिओचं शेवटी बघू म्हणतो. मीही तसंच केलं होतं. चार महिने खपून पूर्ण रिसीव्हर बांधला, चालू केला, आणि आत चिडीचूप. दोष कुठे शोधायचा तेच कळेना, कारण विचारायला काही वाजतच नव्हतं. त्यानंतर मी प्रत्येक रेडिओ स्पीकरपासून उलटा बांधला. आधी आउटपुट, मग त्याच्या मागचा ट्रान्झिस्टर, मग फिल्टर, मग मिक्सर, म्हणजे रेडिओ लहरीचा आवाज करणारा भाग. प्रत्येक नवा टप्पा आधीच्या टप्प्यातून ऐकायचा. ज्याच्याकडे लहरी पडद्यावर दाखवणारा ऑसिलोस्कोप नाही, त्याच्याकडे कान आहेत, आणि या कामाला ते पुरतात.

आता हिशोब करू. अँटेनावर येणारा क्षीण सिग्नल साधारण १ मायक्रोव्होल्ट धरा, म्हणजे एका व्होल्टचा दहा लाखावा भाग. ८ ओहमच्या स्पीकरला १ व्होल्ट मिळाला तर सव्वाशे मिलिवॅट होतात, खोलीत बसून ऐकायला तेवढे खूप झाले. म्हणजे सिग्नल दहा लाख पट मोठा करायचा आहे. डायरेक्ट कन्व्हर्जन रिसीव्हरमध्ये सिग्नल मिक्सरमधून थेट ऑडिओ होऊनच बाहेर येतो, त्यामुळे यातलं जवळजवळ सगळं ओझं ऑडिओच्या खांद्यावर पडतं. याला किरकोळ काम कसं म्हणणार?

आउटपुटला मी एलएम३८६ हा आवाज मोठा करणारा आठ पायांचा आयसी वापरतो. हैदराबादच्या अशहर फरहान यांनी आपल्या पेठांमध्ये, दुरुस्तीच्या दुकानांत मिळणाऱ्या सुट्या भागांतून बिटएक्स हा ट्रान्सीव्हर, म्हणजे बोलायचा आणि ऐकायचा एकत्र रेडिओ, उभा केला, तेव्हा त्यातही स्पीकर याच आयसीवर होता. जगभरच्या हॅमनी ते डिझाइन आपापल्या टेबलावर बांधलं. पुण्यात तपकीर गल्लीत किंवा मुंबईत लॅमिंग्टन रोडला हा आयसी मागितला तर दुकानदार दुसरा प्रश्न विचारत नाही.

पहिला आणि आठवा पाय मोकळे ठेवले तर तो २० पट वाढ देतो. त्या दोन पायांमध्ये १० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर टाकला की २०० पट. बहुतेक जण लगेच २०० करतात. माझं ऐका, करू नका. सिग्नलबरोबर आयसीची स्वतःची खरखरही दहा पटीने वाढते आणि बोर्ड किंचाळायला निमित्त शोधू लागतो. २० वरच ठेवा, आणि बाकीची वाढ त्याच्या अलीकडे बीसी५४९ या ट्रान्झिस्टरच्या दोन टप्प्यांतून घ्या. प्रत्येकी शंभर पट धरली तर शंभर गुणिले शंभर गुणिले वीस, म्हणजे दोन लाख. उरलेली कसर अँटेनाजवळचा आरएफ टप्पा, म्हणजे रेडिओ लहरच मोठी करणारा भाग, भरून काढतो. व्हॉल्यूमचा पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची फिरकी, ट्रान्झिस्टर आणि आयसी यांच्या मधोमध बसवा.

आउटपुटच्या पाचव्या पायावर बॅटरीच्या निम्मा व्होल्टेज कायम उभा असतो. तो स्पीकरमध्ये जाऊ नये म्हणून २२० मायक्रोफॅरडचा कंडेन्सर. ८ ओहमबरोबर तो साधारण ९० हर्ट्झच्या खालचं अडवतो, आणि माणसाच्या बोलण्यासाठी आपल्याला ३०० ते ३००० हर्ट्झ एवढंच हवं असतं. त्याच पाचव्या पायापासून ग्राउंडला, म्हणजे बॅटरीच्या ऋण टोकाच्या सामायिक वाटेला, १० ओहम आणि ०.०४७ मायक्रोफॅरडची जोडी लावा, पायाला अगदी चिकटून. ती वगळली तरी बोर्ड वाजतो, म्हणून लोक वगळतात. मग मोठ्या आवाजात आयसी आपल्या कानापलीकडच्या वारंवारतेवर थरथरतो, आणि आपल्याला बोलणाऱ्याचा घसा बसल्यासारखा वाटतो.

वरची कड ३००० वर कापायची, तर काही बिघडत नाही का? बिघडतं. ‘स’ आणि ‘फ’ यांचा वेगळेपणा बराचसा त्याच्या वरच राहतो. म्हणून तर कॉल साइन, म्हणजे आपल्या स्टेशनचं ओळखनाव, सांगताना हॅम नुसतं अक्षर न सांगता अल्फा, ब्राव्हो, चार्ली म्हणतात. पण वरचं कापलं नाही तर शेजारच्या स्टेशनची शिट्टी आणि सगळी खरखर कानात शिरते, आणि अर्ध्या तासात डोकं भणाणतं. १ किलोओहम आणि पुन्हा तोच ०.०४७ चा कंडेन्सर घेतला तर साधारण ३४०० हर्ट्झपासून उतार सुरू होतो. असे दोन टप्पे एकापाठोपाठ ठेवा.

आता ग्राउंड. बोर्ड बिघडतात ते बहुतेक इथेच, म्हणून इथे जरा थांबतो. बोर्डावरची तांब्याची पट्टी दिसायला जाड वाटते, पण १ मिलिमीटर रुंद आणि २ सेंटिमीटर लांब पट्टीला साधारण ०.०१ ओहम रोध असतो. स्पीकरचा १०० मिलिअँपिअर प्रवाह तिच्यातून परतला तर तिच्या दोन टोकांत १ मिलिव्होल्टचा फरक पडतो. आपण मोठा करतोय तो सिग्नल मायक्रोव्होल्टमधला! म्हणजे त्याच पट्टीवर पहिल्या ट्रान्झिस्टरचं ग्राउंड असेल तर त्याला आपल्या सिग्नलपेक्षा हजार पट मोठा स्पीकरचा आवाज परत ऐकू जातो. गणपतीच्या मांडवात माइक कर्ण्यासमोर धरला की जी कूंऽऽ होते ना, तेच इथे हवेतून न होता तांब्यातून होतं. म्हणून स्पीकरचं ग्राउंड वेगळ्या वाटेने थेट बॅटरीच्या ऋण टोकाशी आणा. इनपुटचं ग्राउंड दुसऱ्या वाटेने. दोघांनी भेटायचं ते तिथेच, एका बिंदूत.

अशीच गाठ धन बाजूलाही पडते. मोठा आवाज आला की बॅटरीचा व्होल्टेज किंचित दबतो, ते पहिल्या ट्रान्झिस्टरला जाणवतं, आणि कोकणात मचव्याचं इंजिन चालतं तसा पुट-पुट-पुट आवाज सुरू होतो. उपाय सोपा आहे. पहिल्या टप्प्यांना वीज १०० ओहममधून द्या आणि तिथे १०० मायक्रोफॅरड ग्राउंडला लावा. आयसीच्या सहाव्या पायापाशी ४७० मायक्रोफॅरड. आणखी एक, साध्या ३८६ चा डेटाशीट, म्हणजे कंपनीचं माहितीपत्रक, १२ व्होल्टपर्यंतच वापरायला सांगतो आणि १५ व्होल्ट ही त्याची कमाल मर्यादा आहे. चार्जरवर लावलेली १२ व्होल्टची बॅटरी सहज १४ च्या आसपास जाते. म्हणून मध्ये व्होल्टेज ९ वर धरून ठेवणारा ७८०९ रेग्युलेटर बसवा.

एकदा रात्री मी नुसता हा बोर्ड टेबलावर तपासत होतो. पुढे मिक्सर नाही, कॉइल नाही, आणि स्पीकरमधून आकाशवाणी पुणे सुरू! ७९२ किलोहर्ट्झची मध्यम लहर माझ्या वीतभर इनपुट वायरने पकडली होती आणि पहिल्या ट्रान्झिस्टरच्या बेस आणि एमिटर या पायांमधल्या जोडाने डायोडसारखं काम करून तिच्यातला आवाज वेगळा केला होता. ऐकताना अंगावर काटा आला. पण रिसीव्हरमध्ये हे चालणार नाही. वायर दोन बोटांएवढी करून शील्डची, म्हणजे धातूच्या जाळीत गुंडाळलेली घेतली, आणि बेसजवळ १ नॅनोफॅरडचा डिस्क कंडेन्सर अगदी आखूड पायांनी लावला. आकाशवाणी गेली.

बोर्ड बनवायचा कसा? पहिला बोर्ड कोरू नका. सपाट तांब्याचा तुकडा घ्या, त्यावर नखाएवढे तांब्याचे चौकोन फेव्हिक्विकने चिकटवा आणि सोल्डर त्यांच्यावर करा. खालचं अख्खं तांबं ग्राउंड होतं आणि चूक झाली तर चौकोन उचलता येतो. सर्किट पक्कं वाजलं की मगच कोरीव बोर्ड. लेसर प्रिंटरवर गुळगुळीत मासिकाच्या कागदावर नकाशा छापायचा, घासून चकचकीत केलेल्या तांब्यावर तो पालथा ठेवून कडक इस्त्री दाबायची, मग पाण्यात भिजवून कागद बोटाने हळूहळू चोळून काढायचा. नकाशा सुट्या भागांच्या बाजूने पाहून काढला असेल तर तो जसाच्या तसा छापा, कारण इस्त्रीत तो आपोआप उलटतो. मी एकदा छापतानाच उलटून घेतला होता. आयसीचे आठही पाय चुकीच्या बाजूला आले, आणि भोकं पाडून होईपर्यंत ते माझ्या लक्षात आलं नाही.

नकाशाबाहेर उघडं राहिलेलं तांबं खाऊन टाकणाऱ्या फेरिक क्लोराईडसाठी प्लॅस्टिकचा ट्रे घ्या, धातूचा नको. हातमोजे घाला, खिडकी उघडी ठेवा, ट्रे हलवत राहा. वापरलेलं द्रावण मोरीत ओतू नका, ही माझी कळकळीची विनंती आहे. त्यात विरघळलेलं तांबं असतं आणि आपल्या मोऱ्या शेवटी मुळा-मुठेलाच मिळतात. झाकणाच्या प्लॅस्टिक कॅनमध्ये ठेवा, त्यात आणखी कितीतरी बोर्ड निघतात.

हवेत सिग्नल पाठवायला परीक्षा आणि परवाना लागतो. या बोर्डाला काहीही लागत नाही, त्यामुळे सातवीतल्या मुलीनेही आज रात्री सुरुवात करावी.

आता या बोर्डाच्या इनपुटला मिक्सर जोडतोय. गच्चीवरून खिडकीतून आत घेतलेली ही तार हॅमच्या ७ मेगाहर्ट्झ पट्ट्यासाठी आहे. पंखा बंद करता का, दादा? आणि दोन मिनिटं कोणी बोलू नका. पॉट हळूहळू वर नेतो...