गोळी लहान, ढग मोठा: टोकामॅकमधल्या पेलेटचं सिम्युलेशन

मंडळी, आदित्य आणि एसएसटी-१ हे टोकामॅक आपल्या बडोद्यापासून फार लांब नाहीत, गांधीनगरजवळच्या भाटला आहेत. टोकामॅक म्हणजे तापलेला, आयनित वायू (प्लाझ्मा) चुंबकीय क्षेत्रात कोंडून ठेवणारं कंकणाकार अणुसंमीलन यंत्र, एवढं सांगून थेट गोळीकडे, म्हणजे इंधनाच्या पेलेटकडे वळू.

इंधनवायू नुसता कडेने सोडला, तर मोठ्या टोकामॅकमध्ये तो कडेलाच आयनित होतो, आत फारसा पोचत नाही. म्हणून ड्युटेरियम (जड हायड्रोजन) १८.७ केल्विनच्या खाली गोठवायचं, काही मिलिमीटरची गोळी करायची आणि सेकंदाला काहीशे मीटर वेगाने आत झाडायची.

कोट्यवधी अंशांच्या प्लाझ्मात ती तत्क्षणी संपत का नाही? तापलेल्या तव्यावर पाण्याचा थेंब वाफेच्या गादीवर तग धरतो, तशी गोळीही स्वतःच्याच वायूच्या कवचात टिकते. इलेक्ट्रॉन आपली बहुतेक उष्णता त्या कवचातच टाकतात. पार्क्स आणि टर्नबुल यांनी १९७८ मध्ये मांडलेल्या प्रारूपानुसार गोळीच्या झिजेचा दर प्लाझ्मातल्या इलेक्ट्रॉन घनतेच्या १/३ घाताने, गोळीच्या त्रिज्येच्या ४/३ घाताने आणि इलेक्ट्रॉन तापमानाच्या साधारण १.६४ घाताने वाढतो. घनता दुप्पट केली तर झीज जेमतेम सव्वापट. तापमान दुप्पट केलं तर तिप्पट. तापमान चुकलं की पुढचं सगळं फसलं.

आणि ते चुकतं ते असं. सूत्राला हवं असतं ढगापासून, म्हणजे त्या वायूच्या कवचापासून दूरचं, न बिघडलेलं तापमान. सिम्युलेशनचा प्रोग्रॅम मात्र गोळी गणनेच्या जाळीतल्या ज्या पेशीत (चौकटीत) आहे तिथलंच तापमान उचलतो. ती पेशी गोळीच्याच वायूने थंड झालेली असते. झीज कमी निघते आणि गोळी प्रत्यक्षापेक्षा खोल गेलेली दिसते. आलेख गुळगुळीत येतो, म्हणून कुणाला शंकाही येत नाही.

आता ग्रिड, म्हणजे ती जाळी. इटर या फ्रान्समधल्या मोठ्या टोकामॅकच्या प्लाझ्माचं आकारमान सुमारे ८४० घनमीटर. सगळीकडे १ मिमीच्या पेशी घातल्या तर ८४ हजार कोटी होतात. म्हणून एक तर गोळीभोवतीच जाळी बारीक करायची, नाहीतर गोळीचं गणित न सोडवता झिजेचा दर सोर्स (बाहेरून येणाऱ्या मालाचा स्रोत) म्हणून घालायचा. दुसरा मार्ग स्वस्त, पण सोर्सची रुंदी आपल्या हाती राहते. फार अरुंद ठेवली तर उतार इतका तीव्र होतो की तापमान ऋण जातं आणि रन कोसळतो. फार रुंद ठेवली तर ढग पातळ होतो.

चुंबकीय रेषांबाबतही हयगय नको. चुंबकीय रेषेच्या दिशेने उष्णता आडव्या दिशेपेक्षा कोट्यवधी पटींनी जास्त वाहते. जाळी रेषांना धरून नसेल, तर गणिती गळती खऱ्या आडव्या वहनाला सहज गिळते. उष्णतावहनाचं हे पद इम्प्लिसिट पद्धतीनेच (पुढच्या क्षणाची मूल्यं समीकरणात धरून) सोडवावं. एक्स्प्लिसिटमध्ये (फक्त आधीच्या क्षणाची मूल्यं वापरून) कालपायरी इतकी लहान होते की रन संपतच नाही.

ढग चुंबकीय क्षेत्र कमी असलेल्या बाजूला, म्हणजे बाहेर सरकतो. म्हणूनच गोळी कंकणाच्या आतल्या बाजूने मारतात: तिथून सरकलेला माल गाभ्याकडे जातो. सोर्स टोरसभर (कंकणभर) सारखा पसरवला, तर हे सरकणं नीट हाती लागत नाही, त्रिमितीच हवी.

त्रिमितीतही फसगत आहे. इटरची मोठी त्रिज्या (कंकणाच्या केंद्रापासून प्लाझ्माच्या मध्यापर्यंत) ६.२ मीटर, परीघ ३९ मीटर. टोरसच्या दिशेने ० ते १० एवढेच फूरिए मोड (परिघात पूर्ण बसणाऱ्या लाटा) ठेवले, तर सर्वांत आखूड तरंगलांबी ३.९ मीटर. लहानसा ढग त्यात मावणारच कसा? मोड दुप्पट करून रन पुन्हा चालवा. ढगातली कमाल घनता बदलली, तर तो आकडा अजून अहवालात घालू नका.