मलेरिया औषधाला दाद देईनासा होतो, तेव्हा किंमत मुलं मोजतात

(स्क्रीनवर: पूर्व आफ्रिकेचा नकाशा, जिंजा शहरावर खूण)

नमस्कार मंडळी. नकाशावर ही खूण दिसतेय ना, ते युगांडातलं जिंजा. व्हिक्टोरिया सरोवरातून नाईल नदी बाहेर पडते ती इथे. गंभीर मलेरिया झाला म्हणून इथे दाखल केलेल्या 100 मुलांचा एक अभ्यास नोव्हेंबर 2024 मध्ये जाहीर झाला. या मुलांना शिरेतून आर्टेसुनेट दिलं जात होतं. गंभीर मलेरियावर आज याहून चांगलं औषध जगात कुणाकडे नाही. तरीही 100 पैकी 11 मुलांच्या रक्तातून परजीवी हटायला नको इतका वेळ लागला. आणखी 10 मुलं बरी झाली असं वाटलं होतं, पण 28 दिवसांच्या आत त्याच परजीवीने त्यांना पुन्हा गाठलं.

हा आकडा वाचला तेव्हाच ठरवलं की यावर सविस्तर बोलायचं. कारण ही गोष्ट आधी एकदा घडून गेली आहे आणि त्या वेळी लाखो मुलं गेली.

मलेरिया म्हणजे मुलांचाच आजार का, हे आधी बघू. 2023 साली जगात मलेरियाने सुमारे 5 लाख 97 हजार माणसं मेली. त्यातले 95 टक्के मृत्यू आफ्रिकेतले, आणि आफ्रिकेतल्या दर चार मृतांमध्ये तिघं पाच वर्षांच्या आतली. हिशेब केला तर साधारण सव्वा मिनिटाला एक मूल. तिथल्या मोठ्या माणसांना लहानपणापासून मलेरिया होत आलेला असतो, त्यामुळे त्यांच्या अंगात थोडीफार प्रतिकारशक्ती असते. औषध जरा कमी पडलं तरी उरलेलं काम शरीर निभावून नेतं. दोन वर्षांच्या मुलाकडे ही शिदोरी नसते. तिथे सगळी भिस्त औषधावर.

त्यात फाल्सिपॅरम जातीचा परजीवी फार वेगाने घात करतो. त्याने धरलेल्या रक्तपेशी बारीक रक्तवाहिन्यांच्या भिंतींना चिकटून बसतात, मेंदूतल्यासुद्धा. रक्तातली साखर उतरते, रक्त कमी होतं, झटके येतात. सकाळी तापाने कण्हत असलेलं मूल दुसऱ्या दिवशी सकाळी बेशुद्ध असू शकतं. म्हणून मूल दूध ओढत नाहीये, खाल्लेलं सगळं ओकून टाकतंय, झटका आला, धाप लागली, हाक मारली तर बघत नाही, यातलं एक जरी दिसलं तरी गोळी देऊन वाट बघत बसायचं नाही. थेट दवाखाना गाठायचा.

दवाखान्यात पूर्वी क्विनाइनचं सलाईन लावायचे. 2010 मध्ये आफ्रिकेतल्या नऊ देशांत 5,425 मुलांवर झालेली एक मोठी चाचणी प्रसिद्ध झाली. क्विनाइन दिलेल्या मुलांपैकी 10.9 टक्के दगावली, आर्टेसुनेट दिलेल्यांपैकी 8.5 टक्के. ऐकायला फरक छोटा वाटेल. पण म्हणजे हजार मुलांमागे 24 जीव वाचले, आणि तेही फक्त औषध बदलून. त्यानंतर जगभर गंभीर मलेरियात आर्टेसुनेट पहिलं औषध झालं. जिंजाचा आकडा मनाला इतका का लागतो, ते आता लक्षात येईल.

(स्क्रीनवर: 1000 कोटी → 10 लाख → 100)

आता साध्या, म्हणजे तोंडाने गोळी घेता येईल अशा मलेरियाकडे येऊ. इथे तीन दिवसांचा कोर्स असतो. तीनच का? हे नीट समजून घ्या, कारण सगळी मेख इथेच आहे.

समजा, मुलाच्या अंगात 1000 कोटी परजीवी आहेत. फाल्सिपॅरमचं एक चक्र साधारण 48 तासांचं. आर्टेमिसिनिन गटातलं औषध (मघाचं आर्टेसुनेट याच गटातलं) एका चक्रात साधारण दहा हजारांत एकच परजीवी जिवंत सोडतं. म्हणजे पहिल्या चक्रानंतर उरले 10 लाख, दुसऱ्यानंतर 100. तीन दिवसांच्या गोळ्या ही दोन चक्रं गाठतात. पण हे औषध रक्तात काही तासच टिकतं. शेवटचे 100 कुणी मारायचे? त्यासाठी सोबत दुसरं औषध असतं. ते सावकाश काम करतं, पण रक्तात बरेच दिवस राहतं. विहीर साफ करताना पंप भराभर पाणी उपसतो, पण तळाचा गाळ माणसाला आत उतरूनच काढावा लागतो, तसं हे. म्हणूनच मलेरियाची गोळी कधी एकट्या औषधाची देत नाहीत, जोडीने देतात. भारताने तोंडाने घ्यायच्या एकट्या आर्टेमिसिनिनवर 2009 मध्ये बंदी घातली, ती याचसाठी.

आता घरात काय होतं? दुसऱ्या दिवशी ताप उतरतो. मूल खेळायला लागतं. आई विचार करते, उरलेल्या गोळ्या पुढच्या वेळी होतील, किंवा धाकट्याला होतील. तिच्या जागी आपण असतो तर हेच केलं असतं. पण त्या वेळी अंगात लाखो परजीवी शिल्लक असतात आणि ते दर चक्राला दहापटीपर्यंत वाढू शकतात. आठवड्याभरात पुन्हा 100 कोटी. आणि या खेपेला वाढलेल्यांत औषधाला थोडं तोंड देऊ शकणारे जास्त असण्याची भीती असते. त्या मुलाला डास चावला की तोच परजीवी शेजारच्या घरी पोचतो.

मात्र सगळा दोष आईच्या माथी मारू नका. अर्धीच मात्रा असलेल्या निकृष्ट गोळ्या, वजन न करता अंदाजाने दिलेला डोस, रक्त न तपासता प्रत्येक तापाला दिलेली मलेरियाची गोळी, यांचाही परिणाम तोच होतो. कधी तर सरकारांनीच हे केलंय. 1960 च्या सुमारास कंबोडियाच्या थायलंड सीमेवरच्या पायलिन भागात मिठात मलेरियाचं औषध मिसळून लोकांना वाटलं होतं. हेतू चांगला होता. पण त्यामुळे अख्ख्या वस्तीच्या रक्तात सतत थोडंथोडं औषध राहिलं, परजीवी मरायला पुरणार नाही इतकंच. क्लोरोक्विन या त्या काळच्या नेहमीच्या मलेरियाच्या औषधाला दाद न देणारा मलेरिया 1950 च्या दशकाच्या शेवटी याच सीमेवर आणि दक्षिण अमेरिकेत दिसू लागला होता. पायलिनच्या मिठाने त्यात भर घातली, असं बरेच संशोधक मानतात.

तिथून तो परजीवी पसरत गेला. भारतात 1973 मध्ये आसामात सापडला. 1970 च्या दशकाच्या शेवटी पूर्व आफ्रिकेत पोचला. पुढची वीसेक वर्षं आफ्रिकेतले दवाखाने क्लोरोक्विनच देत राहिले, कारण ते स्वस्त होतं आणि दुसरं परवडत नव्हतं. मुलाला औषध मिळायचं, आईला वाटायचं उपचार झाला, आणि मूल जायचं. 1980 आणि 90 च्या दशकांत तिथे मलेरियाने होणारे बालमृत्यू वाढले. मलेरियाच्या इतिहासातलं याहून वाईट पान मला माहीत नाही.

याच काळात मलावी या छोट्या देशाने एक निर्णय घेतला. 1993 मध्ये क्लोरोक्विन सरळ बंद केलं आणि सल्फाडॉक्सिन-पायरीमेथामिन सुरू केलं. दहाबारा वर्षांनी ब्लँटायर शहरात मलेरिया झालेल्या मुलांवर दोन्ही औषधं ताडून पाहिली. 2006 मध्ये निकाल आले. नवं औषध 21 टक्के मुलांमध्येच लागू पडत होतं. आणि टाकून दिलेलं क्लोरोक्विन? 99 टक्के! औषधाचा दाब उठला, तसा त्याला न जुमानणारा परजीवी मागे पडला आणि साधा परजीवी परत आला. म्हणजे गेलेलं औषध परत मिळू शकतं. फक्त ते सगळ्यांनी खरोखर थांबवावं लागतं.

क्लोरोक्विनची जागा पुढे आर्टेमिसिनिनने घेतली. चीनच्या तू यूयू यांनी 1970 च्या दशकात छिंगहाव या वनस्पतीतून ते काढलं. उकळल्यावर गुण जातो हे त्यांच्या लक्षात आलं होतं, म्हणून कमी तापमानाला इथरमध्ये अर्क काढला. 2015 मध्ये त्यांना नोबेल मिळालं. आणि 2008 च्या आसपास या औषधाचाही असर मंदावला. कुठे? पुन्हा त्याच पायलिनमध्ये.

2014 मध्ये त्यामागचा केल्च-13 नावाच्या जनुकातला बदल सापडला. सगळ्यांना भीती होती की क्लोरोक्विनसारखाच हा परजीवीही आशियातून आफ्रिकेत जाईल. घडलं वेगळंच. 2020 मध्ये रवांडात सापडलेला बदल तिथेच, आपोआप तयार झालेला होता. मग युगांडा, टांझानिया, एरिट्रिया. सीमेवर पहारा ठेवून हे थांबणार नाही, हे तेव्हा कळलं.

औषध संपलेलं नाही, हेही सांगतो. याला अंशतः प्रतिकार म्हणतात. परजीवी हटायला वेळ लागतो, पण जोडीचं औषध खणखणीत असेल तर मूल बरं होतं. जोडीचंही लंगडं पडलं की संकट.

म्हणून गोळी पोटात नीट जाणं फार महत्त्वाचं. आफ्रिकेत सर्वात जास्त चालते ती आर्टेमेथर-ल्युमेफँट्रिनची जोडी. 5 ते 15 किलोच्या आतल्या मुलाला एका वेळी एक गोळी; पहिली दिली की आठ तासांनी दुसरी, मग दोन दिवस सकाळ-संध्याकाळ. एकूण सहा. ल्युमेफँट्रिन अंगी लागायला स्निग्ध काहीतरी पोटात हवं, म्हणून दुधासोबत द्यायची. तान्ह्याला आईचं दूध चालतं. तासाभरात उलटी झाली तर तो डोस पुन्हा द्यावा लागतो. कडू गोळी मूल थुंकून टाकतं, म्हणून 2009 मध्ये पाण्यात विरघळणारी, चेरीच्या चवीची गोळी आली. आणि 5 किलोहून कमी वजनाच्या बाळांसाठी खास गोळीला स्वित्झर्लंडमध्ये मंजुरी मिळाली ती 2025 मध्ये! तोवर मोठ्यांची गोळी मोडून अंदाजाने द्यायचे. सर्वात लहान रुग्णांचा विचार सर्वात शेवटी झाला, याचा मला खरंच राग येतो.

नव्या गोष्टीही येताहेत. आर-21 ही मलेरियाची लस ऑक्सफर्डने विकसित केली आणि ती बनते आपल्या पुण्यात, सीरम इन्स्टिट्यूटमध्ये. जागतिक आरोग्य संघटनेने ऑक्टोबर 2023 मध्ये तिची शिफारस केली, जुलै 2024 मध्ये आयव्हरी कोस्टने ती सर्वात आधी मुलांना द्यायला सुरुवात केली. कमी मुलं आजारी पडली की औषध कमी लागतं, आणि औषधावरचा ताण उतरतो. गॅनाप्लासाइड या पूर्णपणे नव्या औषधाच्या मोठ्या चाचणीचे निकालही नोव्हेंबर 2025 मध्ये आले आणि ते चांगले आहेत.

(स्क्रीनवर: महाराष्ट्राचा नकाशा, गडचिरोलीवर खूण)

आता आपल्याकडे. फाल्सिपॅरम म्हटलं की महाराष्ट्रात आधी गडचिरोलीचं नाव येतं. तिथे आशाताई बोटातून थेंबभर रक्त घेऊन किटवर तपासतात आणि गोळ्या देतात. राष्ट्रीय कार्यक्रमात या पाकिटांना वयाप्रमाणे रंग ठरवून दिलेत: वर्षाच्या आतल्या बाळाला गुलाबी, चार वर्षांपर्यंत पिवळं, आठपर्यंत हिरवं, चौदापर्यंत लाल. ईशान्येकडच्या राज्यांत मात्र 2013 मध्ये जोडी बदलावी लागली, कारण सोबतचं औषध तिथे चालेनासं झालं होतं. मुंबईत बहुतेक वेळा वायवॅक्स जातीचा मलेरिया असतो, त्याचं औषध वेगळं. त्यामुळे कुठला मलेरिया आहे हे रक्त तपासल्याशिवाय ठरत नाही आणि दुकानातून मनाने गोळी आणू नका, एवढं आवर्जून सांगतो.

वायवॅक्समध्ये प्रायमाक्विन 14 दिवस घ्यावं लागतं, वर्षाच्या आतल्या बाळाला ते देत नाहीत, आणि त्याची भानगड वेगळीच आहे. पुढचा व्हिडिओ त्यावर. भामरागड, एटापल्ली, धानोरा भागातल्या आशाताई किंवा आरोग्यसेवक हे बघत असतील तर कमेंटमध्ये नक्की लिहा: तीन दिवसांच्या गोळ्या मुलांच्या पोटात जायला नेमकं अडतं कुठे? दुसऱ्या दिवशी घरी कुणी सापडत नाही म्हणून, उलटी होते म्हणून, की पाकीटच कमी पडतं म्हणून? तुमची उत्तरं त्या व्हिडिओत घेईन.