आव आणि आवाका

निळसर उजेडात वाद्यवृंद जमतोय. मग औपचारिक पोशाखातले संगीत समीक्षक डीम्स टेलर पुढे येतात आणि आता आपल्याला काय ऐकायचंय, काय पाहायचंय हे समजावून सांगतात. वॉल्ट डिस्ने यांचा ‘फँटेशिया’ हा पाश्चात्त्य अभिजात संगीतावर रचलेल्या तुकड्यांचा अॅनिमेशनपट १३ नोव्हेंबर १९४० रोजी न्यूयॉर्कच्या ब्रॉडवे थिएटरमध्ये झळकला, तो असा.

मोठेपणाचा आव आणणारे अॅनिमेशनपट म्हटलं की हे नाव हमखास निघतं. पण त्यातला आव नेमका कुठे आहे?

या सिनेमासाठी जर्मन चित्रकार ऑस्कर फिशिंगर संगीतकार बाखच्या रचनेवर निव्वळ रेषा आणि रंगांचा खेळ मांडत होते. प्रेक्षक बिचकतील म्हणून त्यांच्या आकृत्या सौम्य केल्या गेल्या, त्यांत व्हायोलिनचे गज आणि तारा आल्या. फिशिंगर निघून गेले. पुढे बीथोवनच्या सहाव्या सिंफनीवर गोंडस, लाडिक सेंटॉर (अर्धे माणूस, अर्धे घोडे) बागडतात. थोरवी संगीताकडून उसनी घेतलेली आणि चित्र मात्र गुळमुळीत. आव दिसतो तो इथे.

आता संगीतकार स्ट्रॅविन्स्कीच्या ‘राइट ऑफ स्प्रिंग’चा भाग पाहा. लाव्हा उसळतो, समुद्रात पहिले जीव वळवळतात, शेवटी तहानलेले डायनासोर चालता चालता कोसळतात. हसवायला कुणी नाही, गोड चेहरा नाही. खुद्द स्ट्रॅविन्स्कींना हे रुचलं नाही, तरी आम्हाला हा सिनेमातला सगळ्यात प्रामाणिक भाग वाटतो. इथे रेषेचा स्वतःवर विश्वास आहे.

अॅनिमेशनमध्ये वाऱ्याची झुळूकही कुणीतरी ठरवून काढावी लागते. आपोआप काही घडत नाही. म्हणूनच पोकळ गांभीर्य इथे फार लवकर उघडं पडतं. २००१ च्या, संगणकावर बनवलेल्या ‘फायनल फँटसी: द स्पिरिट्स विदिन’मध्ये नायिकेच्या डोक्यावर सुमारे ६०,००० केस होते, पण तिच्या मनात काय चाललंय, ते शेवटपर्यंत जाणवत नाही. तो सिनेमा आपटला आणि होनोलुलूतला स्टुडिओ बंद पडला.

अॅनिमेटर रिचर्ड विल्यम्स यांची गोष्ट वेगळी. लंडनमध्ये १९६० च्या दशकात त्यांनी सुरू केलेला ‘द थीफ अँड द कॉबलर’ हा सिनेमा १९९२ मध्ये त्यांच्या हातून काढून घेतला गेला. एरवी सेकंदाला १२ चित्रांवर भागतं. विल्यम्स २४ चित्रांचा हट्ट धरायचे. त्यांची ती अवाढव्य युद्धयंत्रं बघा: चाकं, दोऱ्या, गोळे, आणि त्यांतून अजिबात इजा न होता फिरणारा एक चोर. कथा तोकडी आहे, हे मान्य. पण यात आव शोधूनही सापडत नाही, कारण प्रत्येक चौकटीत काढणाऱ्याचा आनंद भरलेला आहे. इतरांनी तो सिनेमा पूर्ण करताना गाणी घुसवली, मुक्या पात्रांना बोलतं केलं, आणि नेमकं तेच मारलं.

२०१३ मध्ये विल्यम्स यांनी आपली १९९२ ची अपूर्ण प्रत लॉस एंजलिसला, ऑस्कर देणाऱ्या अकादमीत दाखवली. हा सिनेमा बघायचाच असेल, तर मधेमधे नुसती पेन्सिलची रेखाटनं असलेली ती प्रत शोधून बघा.