केबल, वजन आणि एकोणीस खुर्च्या

मागच्यांनी पुढे या हो, पुढच्या खुर्च्यांना काय काटे आहेत का. माईक येतोय ना? बरं. विषय फळ्यावर लिहिलाच आहे, एका छोट्या विमान कंपनीचा अपघात. सेक्रेटरी मला म्हणाले होते, भाऊ अपघाताचं नको, आपले निम्मे मेंबर मुलांकडे अमेरिकेला निघालेत. म्हटलं ती मोठी विमानं, मी बोलणार ती १९ सीटवाली, म्हणजे सिन्नरच्या मिनी बसपेक्षा लहान.

मी ओझरच्या विमान कारखान्यात जन्मभर इन्स्पेक्शनला होतो. म्हणजे दुसऱ्याने पिळलेला नट नीट पिळलाय का ते बघायचं आणि सही मारायची. घरी मी हेच बोलतो म्हणून मुलं उठून जातात, इथे तुम्ही चहासाठी तरी थांबाल. माझं म्हणणं एवढंच, विमान पडतं सकाळी, पण अपघात दोन रात्री आधीच होऊन गेलेला असतो.

आता आधी स्कूटर. (हसू नका, लिंक आहे.) १९८६ सालची गोष्ट, मागच्या ब्रेकची केबल तुटली म्हणून गाडी मेकॅनिककडे टाकली. मालक बाहेर बिडी ओढत, आतमध्ये एक पोऱ्या, केबल टाकायची त्याची पहिलीच वेळ. मालक बसल्या जागेवरून सांगतोय, पिळ, अजून पिळ, बास. मी म्हटलं, एक चक्कर मारून बघा की. तर म्हणे, साहेब अंधार पडलाय, मी बघितलंय ना. बारा रुपये घेतले. दोन दिवस मी एकटा ओझरला गेलो-आलो, ब्रेक लागतोय, तक्रार नाही. तिसऱ्या दिवशी पंचवटीत लग्न. मागे आमच्या या (त्या काय बसल्यात दुसऱ्या रांगेत, बघा कशा बघतायत), मधे धाकटी, पुढे थोरला उभा, आणि आहेराचं पितळी घंगाळ, ते हिच्या मांडीवर. रविवार कारंज्यावरून होळकर पुलाकडे उतार लागला, मी ब्रेक दाबला, पायडल खाली टेकलं, आणि गाडी आपली चाललीच आहे! केबल सैल राहिलेली, ब्रेक अर्धाच लागायचा. एकट्याला तो अर्धा पुरत होता. मेथीच्या हातगाडीने आम्हाला थांबवलं, घंगाळ गडगडत पुढे गेलं, ते एका पोलिसाने आणून दिलं आणि पावती पण फाडली, चौघे बसले म्हणून. मेकॅनिककडे गेलो तर म्हणतो, काका, दोन दिवस चालली ना! म्हणजे चालली हीच तपासणी! घंगाळाला पोचा आला तो आला, आणि पाहुण्यांनी तो नेमका…

चिठ्ठी आली. दहा मिनिटं. बरं, मेथी सोडा.

कंपनीचं नाव एअर मिडवेस्ट, अमेरिकेत कॅन्सस राज्यातल्या विचिटाची. १९६५ला सुरू झाली ती एका सेसना विमानातून मृतदेह पोचवायचं काम करत, जिवंत पॅसेंजर नंतर आले. १९९१ला मेसा नावाच्या ग्रुपने घेतली. विमान बीचक्राफ्ट १९००डी. २०१७च्या डिसेंबरात उडान योजनेत आपल्या ओझरहून मुंबईला जे सुरू झालं ना, तेच मॉडेल.

२००३, जानेवारीची ६ तारीख, रात्रपाळी. अमेरिकेतल्याच हंटिंग्टन गावच्या हँगरमध्ये, म्हणजे विमानाच्या शेडमध्ये, शेपटीच्या एलेव्हेटरच्या (नाक वर-खाली करणारी ती हलती पट्टी) केबलचं काम, माणसं ठेक्यावरची. ज्याच्या हातात काम, त्याची या विमानावर हे करायची पहिलीच वेळ. त्याला शिकवणारा आणि तपासून सही करणारा माणूस एकच. मॅन्युअलमधल्या काही पायऱ्या त्यांनी गाळल्या, शेवटची चाचणी पण राहिली, आणि एलेव्हेटर खाली जायचं तेवढं जाईना, जवळपास निम्मंच. तरी विमान उडत राहिलं. का? लोड कमी होता.

८ तारखेला सकाळी अमेरिकेतल्या शार्लट विमानतळावर १९ पॅसेंजर, फुल्ल, मागे सामान. वजन कागदावर बरोबर, कारण माणूस सरासरी इतक्या पौंडांचा धरायचा असा नियम, आणि ती सरासरी जुनी. खरी माणसं त्याहून वीसेक पौंड जड निघाली. हिशेब मांडल्यावर विमान ५८० पौंडांनी, म्हणजे अडीचशे किलोंच्या वर, जास्त भरलेलं, आणि तोल मागे. कॅप्टन २५ वर्षांची मुलगी, तिने आणि को-पायलटने दांडा पुढे रेटला तरी नाक वरच, एलेव्हेटर पोचतच नाही. उडाल्यापासून साधारण ३७ सेकंद. हँगरवर आदळलं, २१ च्या २१ गेले. माझं पायडल खाली टेकलं होतं ते आठवलं की घशाशी येतं, माझ्यापुढे निदान मेथी होती.

नंतर अमेरिकेच्या एफएएने, म्हणजे तिथल्या विमान खात्याने, छोट्या कंपन्यांना पॅसेंजर आणि बॅगा खरोखर काट्यावर चढवायला लावल्या, सरासरी वाढवली. म्हणून लहान विमानाला कुणी वजन विचारलं तर लाजू नका, आणि खोटं तर अजिबात सांगू नका, आमच्याकडे एकजण दहा किलो कमी सांगतं, नाव घेत नाही.

मुलगी गेलेल्या एका कुटुंबाने नुसते पैसे नकोत, जाहीर माफी हवी म्हणून धरून ठेवलं. २००५ला कंपनीने लोकांसमोर उभं राहून चूक कबूल केली. २००८ला कंपनी बंद झाली. तपासणारा आणि शिकवणारा वेगळा का हवा, यावर माझी चार पानं राहिली, ती सेक्रेटरींकडे देतो.

हो हो, घंटा ऐकली. घंगाळ अजून घरी आहे, पाहुण्यांनी परत केलं होतं. चहा बाहेर आहे.