आबांची बुलेट, ड्यूकचे फोर्क

(दृश्य: पहाट. शटर वर जातं. आत ताडपत्रीखाली झाकलेली गाडी.)

कोल्हापूर, शिवाजी उद्यमनगर. सकाळचे सात वाजलेत आणि शेजारच्या शेडमधला लेथ आमच्याही आधी उठलाय.

ऑइल इंजिनं, पंप, ओतकाम, बोअरिंग. लोखंडाला आकार देणारी माणसं या गल्ल्यांत पिढ्यान्‌पिढ्या राबली आहेत. एखादा पार्ट बाजारात मिळत नाही म्हणून इथे काम अडून राहत नाही. तो पार्ट इथेच तयार होतो.

(ताडपत्री निघते.)

1974 सालची बुलेट. 346 सीसी, एकच सिलिंडर. बोअर 70 मिलिमीटर, स्ट्रोक 90. पिस्टनची धाव लांब, म्हणून तो सावकाश, भरदार ठोका. गिअर उजव्या पायाला, ब्रेक डाव्या.

टाकी मात्र कारखान्यातली नाही. मालकाचे वडील, आबा, गावोगावी विहिरींवरची इंजिनं दुरुस्त करायला याच गाडीवरून जायचे. दिवसाचा पल्ला मोठा, वाटेत पेट्रोल पंप कमी. म्हणून त्यांनी इथल्याच एका कारागिराकडून पत्रा ठोकून ही लांबट टाकी करून घेतली. मागची सीट काढली आणि तिथे हत्यारांच्या पेटीसाठी लोखंडी कॅरिअर बसवलं. मडगार्ड कापलं, कारण पावसाळ्यात त्यात चिखल अडकायचा. कस्टम हा शब्द आबांच्या कानावरून कधी गेलाही नसेल.

(दृश्य: भिंतीवरचा फोटो. हाराची सुकलेली फुलं. इथे निवेदन नाही.)

मुलाला ही गाडी चालवायची आहे. रविवारी पुसून उभी करायला नव्हे, कामावर न्यायला. पण पुढचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरणाऱ्या, एकात एक सरकणाऱ्या नळ्यांच्या दोन जोड्या, थकलेत. नळ्यांवरचा क्रोम खड्ड्याखड्ड्यांनी उडालाय, ऑइल सील किती वेळा बदलली तरी तेल पाझरतं, आणि हॅण्डल धरून ब्रेक दाबला की फोर्क आतल्या आत खटखटतात. पुढचा ड्रम ब्रेक घाटात तापला की हाताला पोकळ लागतो.

या फोर्कचे सुटे भाग आजही मिळतात. ते घालून गाडी होती तशी करता आली असती. काही जाणकार म्हणतील, तेच करायला हवं होतं. आम्हाला तसं वाटत नाही, आणि त्याचं कारण बुलेटच्याच इतिहासात आहे.

(दृश्य: जुनी कृष्णधवल छायाचित्रं.)

बुलेट हे नाव पहिल्यांदा लागलं 1932 साली, इंग्लंडमधल्या रेडिच गावी, रॉयल एनफील्डच्या कारखान्यात. तेव्हाच्या गाड्यांना मागे शॉकअप नसायचेच. मागचं चाक थेट फ्रेमला आवळलेलं, आणि खड्ड्याचा हिसका सीटखालच्या दोन स्प्रिंगांनी सोसायचा. पुढच्या चाकाला तेलाचे टेलिस्कोपिक फोर्क बीएमडब्ल्यूने 1935 मध्ये आर 12 या गाडीला दिले. आणि युद्धानंतर रेडिचच्या लोकांनी बुलेटच्या मागच्या चाकाला हलती स्विंगआर्म आणि तेलाचे दोन शॉकअप लावले. मागचं चाक हललं तर पकड सुटेल, अशी त्या काळी ट्रायलच्या, म्हणजे खडकाळ वाटांवरच्या स्पर्धांच्या, स्वारांची शंका होती. 1948 साली इटलीत सान रेमोला सहा दिवसांची आंतरराष्ट्रीय स्पर्धा झाली. तिथे या नव्या बुलेटवरच्या स्वारांनी सुवर्णपदकं आणली आणि शंका मिटली.

पुढे 1955 मध्ये मद्रास मोटर्स आणि रेडिचची कंपनी यांनी मिळून एनफील्ड इंडिया उभी केली आणि बुलेट भारतात बनू लागली. आपण तिला जुनी, न बदलणारी गाडी म्हणून ओळखतो. पण तिचं नाव झालं ते तिच्या काळातल्या सर्वांत नव्या सस्पेन्शनमुळे. मग आज तिला नवे फोर्क लावण्यात तिचा कसला अपमान?

(दृश्य: टेबलावर काळे-नारिंगी भाग. फडक्याने पुसणारे हात.)

हे फोर्क केटीएम 390 ड्यूकचे. 2013 मध्ये बाजारात आलेली ही गाडी पुण्याजवळ, चाकणच्या बजाजच्या कारखान्यात बनते. फोर्क 43 मिलिमीटरचे, चाकाला वरखाली व्हायला 150 मिलिमीटर जागा.

नीट बघा, हे उलटे आहेत. बुलेटला बारीक नळी वर आणि जाड नळी खाली, चाकाकडे. इथे जाड नळी वर, दोन्ही टींच्या पकडीत. टी म्हणजे दोन्ही फोर्क एकत्र धरणारा आडवा तुकडा, एक वर आणि एक खाली. ब्रेक दाबल्यावर वाकवणारा जोर सगळ्यांत जास्त येतो तो खालच्या टीपाशी, आणि नेमकी तिथेच जाडी मिळते. चाकाबरोबर वरखाली होणारा भाग हलका होतो, म्हणून चाक खड्ड्यात लवकर उतरतं आणि लवकर वर येतं. परदेशात जुन्या गाड्यांचे शौकीन होंडाच्या सीबी 750 ला सुझुकी जीएसएक्स-आरचे असेच फोर्क लावत आले आहेत. उद्यमनगरात तेच काम होतंय, फक्त गाडी आपली आणि फोर्कही आपलेच.

गॅरेजच्या मिस्त्रींनी नुसते फोर्क घेतले नाहीत. दोन्ही टी, एक्सल, 17 इंची चाक, 300 मिलिमीटरची डिस्क, कॅलिपर, मास्टर सिलिंडर, सगळं एकाच गाडीचं घेतलं.

(मिस्त्रींचा आवाज: "एकाचं चाक, दुसऱ्याचा एक्सल, तिसऱ्याचा ब्रेक, असं केलं की नुसती बुशिंगं बनवत बसायचं. आणि घेताना मागनं ठोकलेली गाडी बघायची. पुढनं ठोकलेली न्हाई.")

तरीही खात्री नको का? नळ्या जाड काचेवर ठेवून हळूहळू लोळवल्या. नळी आणि काच यांच्यामध्ये उजेडाची फट दिसली तर नळी वाकलेली. फट दिसली नाही.

(दृश्य: बुलेटचं हेडलाइट उतरतंय.)

या गाडीचं हेडलाइटचं घर वेगळं लावलेलं नसतं. तेच फोर्कची वरची टी असतं. त्यातच स्पीडोमीटर, त्यातच अँपिअर मीटर आणि दोन बाजूंना ते दोन छोटे पायलट लाइट. फोर्क बदलायचे तर हा चेहराच उतरवावा लागतो.

(दृश्य: घर वर्तमानपत्रात गुंडाळून लाकडी पेटीत. पेटीचं झाकण. इथे निवेदन नाही.)

आता मान. मान म्हणजे फ्रेमची पुढची नळी, जिच्यात हॅण्डल फिरतं. आतून सुटे छर्रे ट्रेमध्ये पडले. कोन सेटवर, म्हणजे त्या छर्‍यांच्या वाट्यांवर, पन्नास वर्षांच्या खुणा, जिथे छर्रा बसायचा तिथे बारीक खळगा. हॅण्डल सरळ धरलं की या खळग्यांतच ते अडकल्यासारखं व्हायचं.

ड्यूकचा स्टेम, म्हणजे खालच्या टीतून मानेत जाणारी दांडी, बुलेटच्या मानेत बसत नाही. लांबी वेगळी, बेअरिंगचं माप वेगळं. मानेला बोअर मारून मोठं करणं सोपं होतं. पण तसं केलं असतं तर जुने फोर्क या फ्रेमला पुन्हा कधीच बसले नसते. मिस्त्रींची पहिल्या दिवसापासून एकच अट आहे: फ्रेमला आरी लागणार नाही, वेल्डिंगचा थेंब पडणार नाही. जे करायचं ते नव्या भागांना करायचं. आम्ही या गॅरेजवर कॅमेरा लावला तो या अटीपायी.

म्हणून स्टेम नवा. लेथवर अलॉय स्टीलची कांब चढली.

(दृश्य: लेथ. निळसर कीस गुंडाळत खाली पडतो. टर्नर मायक्रोमीटर लावतो, मान हलवतो, पुन्हा लावतो.)

वरच्या टोकाला बुलेटच्या मानेतल्या बेअरिंगचं माप, खालच्या टोकाला ड्यूकच्या टीचं. बेअरिंग आता सुटे छर्रे नाहीत, टेपर रोलर. खालचं टोक टीमधल्या भोकापेक्षा 5 शतांश मिलिमीटर जाड ठेवलं. मुद्दामच. हातोडीने ठोकून बसवायचं नाही, तापवून बसवायचं.

टी अ‍ॅल्युमिनियमची. 30 मिलिमीटरचं भोक 25 अंशांवरून 150 अंशांपर्यंत तापलं की जवळपास 9 शतांश मिलिमीटरनी उघडतं. त्याहून जास्त तापवलं तर धातूचं बळ कमी होण्याचा धोका, म्हणून गॅसची नळी लावायची नाही, ज्योत लावायची नाही. टी गेली मालकाच्या घरच्या केकच्या ओव्हनमध्ये. वहिनींनी ओव्हन दिला, पण परत नको म्हणाल्या. स्टेम रात्रभर आइस्क्रीमच्या दुकानातल्या डीप फ्रीजरमध्ये. एकीकडे भोक उघडतंय, दुसरीकडे कांब आक्रसतेय.

(दृश्य: हातमोजे. टी बाहेर येते. स्टेमवर पांढरं दव. स्टेम आपोआप आत उतरतो. एक बारीक "टक".)

एवढंच. काही सेकंदांत दोन्हींचं तापमान सारखं झालं, आणि आता प्रेसशिवाय ते सुटणार नाहीत. खाली एक पिन आणि सर्कलिप, तरीही.

आता फरशीवरचा खडू.

जुने फोर्क उतरवायच्या आधी मिस्त्रींनी गाडी सरळ उभी करून दोन खुणा केल्या होत्या. एक, मानेची रेघ पुढे वाढवली तर जमिनीला जिथे टेकते ती. दुसरी, एक्सलपासून ओळंबा सोडला तर जिथे टेकतो ती. या दोन खुणांमधल्या अंतराला ट्रेल म्हणतात. चाक जमिनीला टेकतं ते मानेच्या रेघेच्या मागे, म्हणून गाडी स्वतःहून सरळ चालते, जशी हातगाडीची फिरती चाकं ओढलेल्या दिशेला वळतात तशी. ट्रेल कमी झाला की हॅण्डल चपळ होतं, फार कमी झाला की वेगात थरथरायला लागतं. फार वाढला तर वळणात गाडी जड होते.

चाक 19 चं 17 झालं. त्रिज्या कमी, तर ट्रेलही कमी. पण स्पोर्ट बाइकच्या टीमध्ये फोर्क मानेच्या रेघेच्या जवळ असतात, आणि त्यामुळे ट्रेल वाढतो. दोन्ही बदल एकमेकांना खातात. मात्र पुढचा भाग खाली बसला तर मान उभी होते. या गाडीच्या दोन चाकांतलं अंतर 1370 मिलिमीटर. म्हणजे पुढून 24 मिलिमीटर खाली गेली की एक अंश फरक. म्हणून फोर्क टीमध्ये जितके खाली सोडता येतील तितके सोडले, आणि मागच्या चाकाला 19 ऐवजी 18 ची रिम घालून आरे पुन्हा विणले.

(दृश्य: ओळंबा हलायचा थांबतो. नवी खडूची रेघ, जुनी खडूची रेघ.)

दोन्ही रेघांत बोटभरही फरक नाही.

एक अडचण मात्र कागदावर दिसली नव्हती. हॅण्डल पूर्ण वळवलं की फोर्कच्या जाड नळ्या आबांच्या टाकीला लागतात. टाकीला दोन बाजूंनी खळगे पाडा, असं मालकच म्हणाला. मिस्त्रींनी ऐकलं नाही.

(मिस्त्रींचा आवाज: "ही टाकी ठोकली त्या माणसाच्या हाताखाली मी शिकलोय. तिला हातोडी लावायची न्हाई.")

खालच्या टीवर नवे स्टॉपर बसवले. हॅण्डल आता थोडं आधीच थांबतं. गल्लीत गाडी वळवायला जागा जास्त लागते.

तेल आणि स्प्रिंग. बुलेट ड्यूकपेक्षा जड, आणि या फोर्कला बाहेरून फिरवायचा एकही स्क्रू नाही. म्हणून आत थोडं घट्ट तेल, आणि स्प्रिंगवर कापलेल्या नळीचा तुकडा. तेलाची पातळी स्प्रिंग काढून, फोर्क पूर्ण दाबून मोजायची. दोन्ही बाजूंची अगदी सारखी. स्प्रिंग नसतानाच एकदा चाक पूर्ण वर ढकलून बघितलं, टायर खालच्या टीला लागत नाही ना. लागत नाही.

मग मालक गाडीवर बसला. गाडीच्या आणि त्याच्या मिळून वजनाने फोर्क 45 मिलिमीटर बसायला हवेत, धावेच्या साधारण 30 टक्के. पहिल्यांदा 60 बसले. नळीचा तुकडा लांब केला. पुन्हा मोजलं. पुन्हा.

मागे मोनोशॉक, म्हणजे मधोमध एकच शॉकअप, लावायचं मालकाच्या मनात होतं. त्यासाठी फ्रेम कापावी लागली असती, म्हणून तो विषय तिथेच संपला. मागे प्रीलोड, म्हणजे स्प्रिंगचा सुरुवातीचा ताण, बदलता येणारे, गॅस भरलेले दोन शॉकअप आलेत. जुन्याच बोल्टांवर.

कायद्याचं सांगायचं तर, मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 नुसार कारखान्याच्या मूळ नोंदीशी विसंगत ठरणारे बदल चालत नाहीत आणि अशा प्रत्येक बदलाला 5000 रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दोन्ही होऊ शकतं, तेव्हा असं काम काढण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीत लेखी विचारा.

(दृश्य: गगनबावड्याचा रस्ता. उसाच्या बैलगाड्या. मग डोंगर.)

कोल्हापूर ते गगनबावडा, साधारण 55 किलोमीटर. पुढे करूळ घाट, खाली वैभववाडी. इंजिनं दुरुस्त करायला आबा याच रस्त्याने जायचे.

निघताना मिस्त्रींनी उजव्या फोर्कच्या चकचकीत नळीला एक केबल टाय बांधली आणि वर, सीलला टेकवून ठेवली. फोर्क दाबला की सील तिला खाली ढकलतं. सुटला की ती तिथेच राहते. घाटात फोर्क किती खाली गेले, ते ती सांगणार.

(दृश्य: घाटातली वळणं. पुढच्या चाकाजवळचा कॅमेरा. फोर्क दबतात, उठतात. निवेदन नाही. फक्त इंजिन.)

(दृश्य: घाटाखालचं चहाचं दुकान. मालक हेल्मेट काढतो, काही बोलत नाही. मिस्त्री उकिडवे बसून स्टीलची पट्टी लावतात.)

125. धाव 150 ची, शिल्लक 25.

(मिस्त्रींचा आवाज: "बास. आता चहा सांगा.")