माळावर विमान उतरेल, पण उडेल का?

(सोलापुरात झालेल्या व्याख्यानाचं संपादित शब्दांकन)

मंडळी, मोहोळ, बार्शी, अक्कलकोटकडची जमीनदार माणसं भेटली की एक प्रश्न हमखास येतो. "आमचा माळ सपाट आहे, गवत चांगलं आहे, सहा एकरांचा लांबट सलग तुकडा निघतो. चार माणसांचं छोटं विमान उतरेल का?" सहा एकर म्हणजे आठशे मीटर लांब आणि तीस मीटर रुंद पट्टी. उतरेल बहुतेक. पण मला विचारायचंय ते हे, की मे महिन्यात दुपारी दोन वाजता तेच विमान चार माणसं घेऊन तिथून उडेल का? छोट्या विमानाला उतरण्यापेक्षा उडायला सहसा जास्त जागा लागते. म्हणून जिथे आरामात उतरलो तिथेच अडकायची वेळ येते. घरी जायची घाई असते, पाहुणे वाट बघत असतात, आणि माणूस म्हणतो, "करून तर बघू." मला भीती वाटते ती या वाक्याची.

आकड्यांवर येतो, कारण इथे अंदाज चालत नाही. सेस्ना 172 हे जगभर शिकाऊ वैमानिकांच्या हातात असणारं विमान. त्याच्या एस मॉडेलचं पूर्ण भरलेलं वजन 1157 किलो. समुद्रसपाटीवर, 15 अंश तापमानात, पक्क्या धावपट्टीवर, वारा नसताना, पळायला लागल्यापासून पन्नास फूट उंची गाठेपर्यंत त्याला साधारण 500 मीटर लागतात. हा पुस्तकातला आकडा. विमान नवं, वैमानिक सराईत.

आता ते सोलापुरात आणा. आपण समुद्रसपाटीपासून साधारण 480 मीटरवर आहोत आणि मे महिन्यात पारा 42 ही रोजचीच गोष्ट. हवा तापली की विरळ होते. पंखांना उचलायला हवा कमी, प्रोपेलरला ओढायला कमी आणि इंजिनाला जाळायलाही कमी, असा तिहेरी फटका बसतो. हिशोब केला तर त्या दुपारी सोलापूरची हवा सुमारे 1580 मीटर उंचीवरच्या प्रमाण हवेइतकी विरळ निघते. महाबळेश्वर 1370 मीटरच्या आसपास आहे. म्हणजे पायाखाली सोलापूरच्या विमानतळाचा होटगी रोड असला तरी विमान महाबळेश्वरच्याही वर उभं आहे.

ब्रिटनच्या नागरी विमान वाहतूक प्राधिकरणाने छोट्या विमानांसाठी सोपे गुणक दिले आहेत. टेकऑफसाठी दर हजार फूट उंचीला दहा टक्के वाढ, त्या उंचीच्या प्रमाण तापमानाहून (सोलापूरच्या उंचीला ते सुमारे 12 अंश) दर दहा अंश जादा तापमानाला दहा टक्के, कोरड्या गवताला वीस टक्के, आणि शेवटी राखीव म्हणून तेहतीस टक्के. यांची बेरीज करायची नाही, गुणाकार करायचा. 500 चे उंचीमुळे 580 होतात, उन्हामुळे 770, गवतामुळे 920 आणि राखीव धरून सव्वाबाराशे मीटर. आठशे मीटरचा माळ कधीच संपला! तेच विमान डिसेंबरात सकाळी, 15 अंशांना, तर साडेनऊशे. वजन दहा टक्क्यांनी उतरवलं, म्हणजे एक माणूस खाली ठेवला आणि इंधन थोडं कमी घेतलं, तर 790. तेव्हा सहा एकरांच्या प्रश्नाचं माझं खरं उत्तर असं आहे: हिवाळ्यात, सकाळी, तीन माणसांनी, जेमतेम. मे महिन्याच्या दुपारी अजिबात नाही. शिवाय त्या दुपारी वावटळी उठतात, वळवाचा वारा कुठून येईल ते सांगता येत नाही.

हे झालं हवेचं. आता मातीकडे येतो, आणि इथे आपल्या शेतकऱ्यांना वैमानिकांपेक्षा जास्त कळतं असं मी मनापासून मानतो. पट्टीसाठी काळीचं रान नको. उन्हाळ्यात काळीला भेगा पडतात, वर गवत असलं की त्या दिसत नाहीत. वरून हिरवंगार, आणि पाय टाकला तर टाच आत जाते. विमानाचं पुढचं चाक अशा भेगेत गेलं की नाक खाली येतं. पुढच्या चाकाच्या विमानात प्रोपेलरचं टोक जमिनीपासून किमान 18 सेंटिमीटर वर असावं असा प्रमाण नियम आहे. आपली एक वीतसुद्धा त्याहून मोठी भरते. तेवढ्याशा फटीत प्रोपेलरने माती खाल्ली की प्रश्न पात्यापुरता राहत नाही, इंजिन उतरवून उघडून तपासावं लागतं.

मुरमाड माळ चांगला. पाणी निचरतं, भेगा नाहीत. पण वारुळं, उघडे दगड आणि जुना मोडलेला बांध हे तिथले शत्रू. बांध नांगरून सपाट केला तरी ती रेघ बसत जाते आणि दोन पावसांनी पुन्हा उंचवटा किंवा घळ होऊन वर येते. गवत म्हणाल तर हरळीसारखं दुसरं नाही. शेतात आपण तिला शिव्या देतो, पण ती जमिनीलगत पसरते, पेरापेरावर मुळं धरते आणि माती घट्ट बांधून ठेवते. कुसळीचे झुबके मात्र नकोत. झुबका आणि त्याच्या मधली उघडी जागा असं चाकाखाली येत गेलं की विमान उड्या मारतं. गवत घोट्याच्या खालीच ठेवायचं, कारण उंच गवत चाकांना धरतं आणि खड्डे झाकतं.

"आमचा ट्रॅक्टर फिरतो की त्यावरून," असंही सांगतात. ट्रॅक्टरवर विश्वास ठेवू नका. त्याचा मागचा टायर रुंद, मोठा आणि कमी हवेचा. विमानाचं चाक हातगाडीच्या चाकाएवढं, आणि त्यात हवा चाळीस पौंडांच्या आसपास. वाफसा आला, पेरणी करता येईल, अशी जमीनही या चाकाला मऊ पडते. मऊ जमिनीसाठी गुणक आणखी पंचवीस टक्क्यांचा आहे. माझा आग्रह असा की पट्टी आधी चालत बघावी, दोन्ही कडांनी आणि मधून. हातात लोखंडी सळई असावी, दर दहा-पंधरा पावलांवर ती टोचावी. मग जीप ताशी पन्नासच्या वेगाने पळवावी. बसणाऱ्याला हिसके असह्य झाले तर विमानालाही होणार.

पावसाचं वेगळं सांगतो. 1932 साली जे. आर. डी. टाटांनी कराचीहून टपाल आणलं ते जुहूच्या मैदानावर. पण पावसाळ्यात जुहूत पाणी भरायचं, आणि टाटांची विमानं तेवढे महिने पुण्याहून चालायची. ज्यांनी या देशात हवाई टपाल सुरू केलं त्यांनी चार महिने जागा बदलली, तिथेच उतरायचा हट्ट धरला नाही. आपल्याकडे सगळ्यांत जास्त पाऊस सप्टेंबरात. त्या महिन्यात माळाचा कुठला कोपरा चिबड होतो हे ज्याने पाहिलेलं नाही त्याने पट्टीची जागा ठरवू नये. ओल्या गवतावर ब्रेक धरत नाहीत. उतरायचं अंतर पस्तीस टक्के वाढतं, आणि हिरवं, आखूड, ओलं गवत असेल तर साठ टक्क्यांपर्यंत.

आता पट्टीच्या टोकापलीकडे बघा. होटगी रोडच्या विमानतळाशेजारची, विमानांच्या वाटेत येणारी साखर कारखान्याची चिमणी 15 जून 2023 रोजी पाडली, त्याआधी किती वर्षं वाद चालला ते तुम्हा सोलापूरकरांना मी सांगायला नको. धावपट्टी किती लांब आहे हे तिच्या दोन टोकांपुढे काय उभं आहे त्यावर ठरतं. एनटीपीसीच्या वीज प्रकल्पाच्या बाजूने निघणाऱ्या उच्चदाबाच्या तारा लांबून दिसतात, पण शेतातल्या मोटारीला गेलेली साधी लाईन वरून दिसतच नाही. म्हणून तार शोधू नका, खांब शोधा आणि खांबाला खांब मनात जोडत जा. ऊसही विसरू नका. लागणीच्या वेळी पट्टीच्या टोकाला मोकळं रान असतं, वर्षभरात तिथे दहा-बारा फुटांची भिंत उभी राहते. शेजाऱ्याला विचारून ठेवायचं, यंदा काय लावणार?

चढउताराचा मोठा बाऊ नको, पण डंपी लेव्हल, म्हणजे सर्वेवाल्यांची उंची मोजायची दुर्बीण, लावून मोजा. दोन टक्के चढ डोळ्याला दिसत नाही आणि टेकऑफचं दहा टक्के अंतर खातो. वारा शांत असेल तर चढावर उतरायचं आणि उतारावर उडायचं. आणि जागा नान्नजच्या माळढोक अभयारण्याजवळची असेल तर हा विचारच सोडा. तो माळ माळढोकाचा आणि काळविटांचा आहे, तिथे आपण जायचं कारण नाही.

परवानग्यांचं थोडक्यात: जमीन स्वतःची असली म्हणून आकाश स्वतःचं होत नाही. डीजीसीएचे, म्हणजे नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे नियम, हवाई संरक्षण विभागाची मंजुरी, फ्लाइट प्लॅन हे सगळं आलंच. विम्याचा कागदही नीट वाचा, परवाना नसलेल्या पट्टीवर विमान उतरवलं तर भरपाई मिळते का ते तिथे लिहिलेलं असतं.

हे सगळं जुळलं तरी उडायच्या दिवशी एक खूण हवीच. पट्टीच्या बरोबर मध्यावर दोन्ही कडांना चुना मारलेले टायर ठेवा. निम्म्या पट्टीत उड्डाणवेगाच्या सत्तर टक्के वेग यायला हवा, कारण अंतर वेगाच्या वर्गाने वाढतं आणि सत्तर टक्क्यांचा वर्ग, म्हणजे 0.7 गुणिले 0.7, जवळपास निम्मा. सेस्ना 55 नॉटला, म्हणजे ताशी साधारण शंभर किलोमीटरला, जमीन सोडणार असेल तर मध्यावर 38-39 दिसले पाहिजेत. ही खूण चाकं उचलली जातील एवढंच सांगते. पुढची बाभूळ ओलांडायचा हिशोब आधीच कागदावर झालेला हवा. टायर बाजूने गेले आणि काटा 35 वरच असेल तर थ्रॉटल मागे, ब्रेक, आणि विमान परत सुरुवातीच्या टोकाला. एक माणूस उतरवायचा आणि दुसऱ्या दिवशी पहाटे निघायचं.