सातबाऱ्यावरचा बोजा : जनुकं, योग आणि मन

नमस्कार मंडळी.

मी मानसोपचारतज्ज्ञ आहे. माझ्याकडे येणारे नातेवाईक औषधांबद्दल विचारतात, खर्चाबद्दल विचारतात, आणि मग उठता उठता, रुग्णाला बाहेर बसवून, हळू आवाजात विचारतात : "डॉक्टर, हे पुढे उतरेल का?" मागे एक बाई आल्या होत्या. त्यांच्या आईला तरुणपणापासून स्किझोफ्रेनिया, म्हणजे भास आणि खोट्या संशयांचा मनाचा आजार. या स्वतः ठणठणीत. पण मुलीचं लग्न जमत आलं आणि मुलाकडच्यांना आजीचं कळलं. निरोप आला, "तुमच्या रक्तातच आहे." बाई मला म्हणाल्या, "रक्त कसं बदलायचं ते सांगा." आजचं हे बोलणं त्या वाक्यासाठी आहे.

आधी 'उतरण्या'विषयी. स्किझोफ्रेनिया समाजात शंभरात साधारण एकाला होतो. आई किंवा वडिलांपैकी एकाला असेल, तर मुलांमध्ये शंभरात दहाच्या आसपास. म्हणजे धोका वाढतो, हे खरं. पण उरलेल्या नव्वदांचं काय? त्यांच्याबद्दल स्थळ बघायला येणारे कधी बोलत नाहीत. आणि एकसारखी जुळी भावंडं घ्या, ज्यांची जनुकं जवळजवळ तंतोतंत एक असतात. एकाला हा आजार असला तरी दुसऱ्याला तो होण्याची शक्यता फार तर निम्मी. बीज तेच असून फळ वेगळं येतं. मधे काहीतरी घडतं.

त्या मधल्या घडण्याचा एक भाग म्हणजे एपिजेनेटिक्स. १९४२ साली कॉनरॅड वॉडिंग्टन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने हा शब्द रूढ केला. आपल्या प्रत्येक पेशीत सुमारे दोन मीटर लांबीचा डीएनएचा धागा गुंडाळलेला असतो, आणि यकृतात काय, मेंदूत काय, धागा एकच. तरी एक पेशी पित्त तयार करते आणि दुसरी आठवणी सांभाळते, कारण कोणतं जनुक वाचायचं आणि कोणतं मिटून ठेवायचं याच्या खुणा धाग्यावर असतात. मिथाइल नावाचा एक चिमुकला रासायनिक गट जनुकाच्या सुरुवातीच्या भागावर चिकटला, की बहुतेक वेळा ते जनुक गप्प होतं.

तुमच्यातल्या बहुतेकांनी सातबारा हाताळला असेल. गट नंबर तोच, क्षेत्र तेच, माती तीच. पण 'इतर हक्क' या रकान्यात सोसायटीचा बोजा चढला, की त्या जमिनीचे व्यवहार अडतात. मिथाइलची खूण ही अशी नोंद आहे. ती आपोआप जात नाही. कर्ज फेडा, दाखला आणा, मग नोंद कमी होते. पण कमी होऊ शकते, हे महत्त्वाचं.

हे कळलं ते उंदरांमुळे. मॉन्ट्रियलच्या मॅकगिल विद्यापीठात मायकेल मीनी आणि मोशे झिफ यांच्या गटाने २००४ साली एक प्रयोग प्रसिद्ध केला. काही उंदीरमाद्या पिलांना खूप चाटतात, कुरवाळतात, काही कमी. कमी चाटलेल्या पिलांच्या मेंदूत, हिप्पोकॅम्पस नावाच्या भागात, एका जनुकावर मिथाइलच्या खुणा जास्त सापडल्या. या जनुकापासून कॉर्टिसोल ओळखणारे ग्राहक, म्हणजे पेशीत त्याचा निरोप टिपणारी प्रथिनं, तयार होतात. कॉर्टिसोल हे ताणाचं संप्रेरक, आणि हे ग्राहक म्हणजे त्याचा ब्रेक. ब्रेक कमी, म्हणून ही पिलं मोठी झाल्यावर जरा दचकली तरी लवकर निवत नाहीत. आता यातला सगळ्यात सुंदर भाग. कमी चाटणाऱ्या आईचं पिलू जन्मताच जास्त चाटणाऱ्या आईकडे ठेवलं, तर त्याच्या खुणा वाढवणाऱ्या आईसारख्या झाल्या. जन्मदातीसारख्या नाही. आणि उंदीर मोठे झाल्यावर मेंदूत एक औषध देऊन त्या खुणा बदलताही आल्या.

इथे मी थांबतो, कारण हे ऐकून सभागृहातल्या काही आया मनातल्या मनात हिशोब करायला लागल्या असतील. करू नका. पोटुशी असताना ज्या माद्यांना ताण दिला, त्या पुढे पिलांना कमी चाटतात, हेही याच क्षेत्रातल्या प्रयोगांतून दिसलं आहे. माया कमी होती असा त्याचा अर्थ नाही, तिच्यावर भार होता. बाळंतिणीला झोप मिळते का, घरात कोणी तिच्यावर हात उगारतं का, हे विचारण्याऐवजी "आईने लक्ष दिलं नाही" असं म्हणणारे लोक मला दर आठवड्याला भेटतात, आणि मला त्याचा राग येतो.

माणसांतलं उदाहरण हॉलंडचं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नाझींनी पश्चिम हॉलंडची अन्नाची वाट रोखली. शहरांत माणशी रोजचं रेशन हजार कॅलरींच्याही खाली गेलं. त्या महिन्यांत जी मुलं गर्भात आली, त्यांची तपासणी साठ वर्षांनी झाली. त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरच्या मिथाइलच्या खुणा त्यांच्याच सख्ख्या भावंडांपेक्षा कमी होत्या. ऐन उपासमारीत गर्भात आलेल्यांत पुढे स्किझोफ्रेनियाचं प्रमाणही सुमारे दुप्पट आढळलं.

मग योगाने हा बोजा उतरतो का?

योगाला मोजमाप लावायची परंपरा आपल्या महाराष्ट्रातलीच आहे. स्वामी कुवलयानंदांनी १९२४ साली लोणावळ्याला कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक. नौली ही पोट घुसळण्याची क्रिया करताना आतड्यात दाब किती घटतो हे त्यांनी यंत्र लावून पाहिलं. श्रद्धा होतीच, पण श्रद्धेच्या नावावर आकडा खपवायचा नाही, ही त्यांची शिस्त. आज योगाबद्दल बोलताना ती शिस्त मला फार क्वचित दिसते.

त्या शिस्तीने बघू. दिल्लीच्या एम्समध्ये नैराश्याच्या ५८ रुग्णांवर बारा आठवड्यांचा अभ्यास झाला. नेहमीची औषधं सगळ्यांना चालू. एका गटाला त्यासोबत योग आणि ध्यान. त्या गटात नैराश्य जास्त उतरलं आणि मेंदूपेशींना पोसणारं बीडीएनएफ हे प्रथिन रक्तात वाढलं. लॉस एंजेलिसला स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांची सेवा करणाऱ्या नातेवाइकांना रोज बारा मिनिटं, आठ आठवडे, मंत्रोच्चारासह ध्यान करायला दिलं. तुलनेच्या गटाला शांत संगीत. ध्यान करणाऱ्यांमध्ये दाह वाढवणाऱ्या जनुकांची लगबग कमी झाली. २०१७ मध्ये अशा १८ अभ्यासांचा एकत्र आढावा निघाला, त्यात एकूण ८४६ माणसं होती, आणि सूर साधारण हाच होता.

आता तोलून बोलतो. ८४६ हा आकडा लहान आहे. बहुतेक अभ्यासांत जनुकं किती वाचली जातात ते मोजलं. मिथाइलची नोंद मिटली का, हा वेगळा प्रश्न आहे. शिवाय जिवंत माणसाचा मेंदू काढून बघता येत नाही, म्हणून रक्त तपासतात. शितावरून भाताची परीक्षा होते, पण इथे शीत एका भांड्यातलं आणि भात दुसऱ्या. आणि योग सुरू केलेला माणूस लवकर झोपतो, चार माणसांत बसतो. फरक नेमका कशाने पडला? त्यामुळे "आसनांनी डीएनए बदलतो" असं कोणी सांगितलं, तर ते खोटं आहे.

तरीही मी रुग्णांना योग सांगतो, कारण एक दुवा पक्का आहे : श्वास. मिनिटाला सहाच्या आसपास श्वास घेतला, सोडणं घेण्यापेक्षा लांबवलं, की सोडताना हृदयाचे ठोके मंदावतात. २००१ साली इटलीत लुचानो बर्नार्डी यांनी मोजून दाखवलं, की ख्रिस्ती जपमाळ म्हणताना आणि 'ॐ मणि पद्मे हुं' म्हणताना श्वास आपसूक मिनिटाला सहावर येतो. हे वाचलं तेव्हा मला संध्याकाळी देवघरापुढे बसलेली माझी आजी आठवली.

त्या बाईंना मी सांगितलं, की रक्त बदलायची गरज नाही. मुलीने गांजापासून लांब राहावं, झोप सांभाळावी. कधी दोन-तीन आठवडे ती गप्प गप्प, संशयी वाटली, तर देवऋषाकडे न जाता आधी डॉक्टरकडे यावं. आईंच्या गोळ्या एक दिवसही चुकवू नका. योगशिबिरात कोणी "गोळ्या सोडा" म्हणालं, तर त्या शिबिरातून उठून या. दहा दिवसांच्या कडक मौनाच्या शिबिरांना स्किझोफ्रेनियाच्या रुग्णाला पाठवू नका, त्रास उसळू शकतो. साधी आसनं आणि सावकाश श्वास चालेल. "आणि तुम्ही?" मी विचारलं. बावीस वर्षं आईचं करताहेत त्या. स्वतःसाठी बारा मिनिटं कधी बसलात का? त्या नुसत्या बघत राहिल्या.

रात्री-अपरात्री कोणाशी बोलावंसं वाटलं, तर टेली-मानसचा १४४१६ हा सरकारी क्रमांक आहे, फुकट, चोवीस तास, मराठीतही. तो लिहून घ्या, मग प्रश्न घेऊ.